अंतरीची मोकळीक



आजच्या चिंतनासाठी मी एक छोटीशी प्रार्थना निवडली आहे. अवघ्या तीन कडव्यांची. बायबलच्या जुन्या करारात 'स्तोत्रसंहिता' नावाचं जे पुस्तक आहे, त्यातलं हे १३१ वं स्तोत्र. वाचायला अर्धं मिनिटही लागत नाही. पण गेली अनेक वर्षं मी ते वाचतो आहे आणि अजून माझं वाचून झालेलं नाही.

एक मुसलमान माणूस, त्यातून मराठीत कविता लिहिणारा, तो ज्यूंच्या आणि ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेवर का बोलतो आहे, असं कुणाच्या मनात येईल. त्याचं उत्तर सोपं आहे. बायबल ज्यांना दावीद म्हणतं, ते आमचे हजरत दाऊद. पैगंबरांच्या मालिकेत त्यांचं नाव आम्ही आदरानं घेतो. त्यांना 'जबूर' दिली गेली, असं कुराणात सांगितलं आहे. दाऊद गाऊ लागले की डोंगर आणि पाखरं त्यांच्या स्तुतीत सूर मिसळत, असाही उल्लेख तिथं आहे. इतकंच कशाला, सज्जन लोक या भूमीचे वारस होतील असं जबूरमध्ये लिहिलं असल्याचं कुराण सांगतं आणि त्या आशयाचं वचन आजच्या स्तोत्रसंहितेतल्या ३७ व्या स्तोत्रात सापडतं. तेव्हा हे पुस्तक उघडताना मी परक्याच्या घरात शिरतो आहे असं मला वाटत नाही. फार तर चुलत्याच्या घरी आलो आहे, असं म्हणा.

आणि मराठीलाही हे घर परकं नाही. कोकणात, रायगडच्या किनाऱ्यालगत, बेने इस्रायल समाज शतकानुशतकं मराठी बोलत राहिला. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून आसपासची माणसं त्यांना 'शनवार तेली' म्हणायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या समाजात मराठी कीर्तनं होऊ लागली आणि जुन्या करारातल्या कथा टाळ-पेटीच्या साथीनं रंगू लागल्या. तिकडे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, आयुष्याची अखेरची बरीच वर्षं खर्ची घालून, बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, तोवर हे काम त्यांनी हातावेगळं केलं होतं. बी.ए.ला मराठी विषय घेतला तेव्हा फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाशी माझी ओळख झाली आणि त्या वाटेनं मी पुढे मूळ स्तोत्रांपर्यंत पोचलो. म्हणजे मला स्तोत्रसंहितेकडे नेलं ते मराठीनंच.

आता या स्तोत्राची जागा पाहू. स्तोत्रसंहितेत एकूण १५० स्तोत्रं आहेत. त्यातली १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं एका गटातली आहेत. त्यांच्यावर हिब्रूत मथळा आहे, त्याचा अर्थ 'चढणीची गाणी'. यरुशलेम हे शहर डोंगरावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर. वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मांडवांचा सण, अशा वर्षातल्या तीन सणांना दूरदूरच्या गावांहून माणसं तिथल्या मंदिराकडे चालत जायची. त्या चढणीवर ही गाणी म्हटली जात असावीत, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. ज्यूंच्या जुन्या परंपरेत असंही सांगितलं आहे की मंदिराच्या आवारात पंधरा पायऱ्या होत्या आणि त्यांचा या पंधरा गाण्यांशी मेळ होता. आपल्याकडे वारीत चालणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पाय चालत असतात तेव्हा लांबलचक पोथी चालत नाही. दमात बसेल एवढंच गाणं लागतं. म्हणून ही स्तोत्रं लहान आहेत.

या चढणीच्या गाण्यांमध्ये १३१ वं गाणं मात्र चढण्याबद्दल काहीच बोलत नाही. उलट ते खाली बघायला लावतं. पहिल्या कडव्यात बोलणारा माणूस देवासमोर उभा राहून तीन गोष्टी नाकारतो. एक हृदयाची, एक डोळ्यांची आणि एक पायांची. आपलं हृदय उंच चढून बसलेलं नाही, आपली नजर वरवर भिरभिरत नाही आणि आपल्या आवाक्याबाहेरच्या थोर, अद्भुत गोष्टींच्या मागे आपण चालत सुटलेलो नाही, असा त्याचा आशय आहे.

हा क्रम मला फार विचारपूर्वक लावलेला वाटतो. माणूस अडकतो तो याच क्रमानं. आधी हृदयात काहीतरी फुगतं. मग त्या फुगलेल्या हृदयाला मोजायला काहीतरी हवं असतं, म्हणून डोळे आजूबाजूला पाहू लागतात. आपल्यापेक्षा वर कोण आहे, खाली कोण आहे. आणि डोळ्यांनी एकदा ठरवलं की पाय त्या दिशेला पळू लागतात. शेजाऱ्यानं दोन मजले चढवले की आपल्याला आपलं एकमजली घर कोंदट वाटू लागतं. काल रात्री त्याच घरात आपण सुखानं झोपलेलो असतो, घर इंचभरही लहान झालेलं नसतं. एका लग्नात हजार पानं उठली म्हणून दुसऱ्या बापाला आपल्या मुलीच्या लग्नात दीड हजार पानं उठवावीशी वाटतात. त्यासाठी सोसायटीचं कर्ज निघतं, शेताचा तुकडा गहाण पडतो. त्या बापाच्या पायात कुणी बेडी ठोकलेली नसते. तरी तो मोकळा आहे, असं आपण म्हणू शकतो का?

गुलामी म्हटली की आपल्याला साखळदंड आठवतात. पण साखळी ओढणारा माणूस बाहेर नसताना आपणच आपल्याला ओढत नेतो, त्या गुलामीला आपल्याकडे नाव नाही. कधी तिला महत्त्वाकांक्षा म्हणतात, कधी प्रतिष्ठा, कधी नुसतं 'चार लोक काय म्हणतील'. हे चार लोक कोण, ते मात्र कुणी पाहिलेलं नसतं.

माझ्या स्वतःच्या क्षेत्रातलं सांगतो. कवी हा फार लवकर अडकणारा प्राणी आहे. कविता लिहून होते तोवर तो मोकळा असतो. ती छापून आली की तो दारात उभा राहून पोस्टमनची वाट बघतो. संमेलनाच्या पत्रिकेत आपलं नाव कितव्या ओळीत आहे, हे तो आधी पाहतो. माझ्या बाबतीत आणखी एक गंमत होती. तरुणपणी एका संपादकांनी माझ्या पावसावरच्या कविता परत पाठवल्या आणि सोबत प्रेमानं लिहिलं, की तुम्ही तुमच्या समाजाचं दुःख लिहा, ते आम्हाला हवं आहे. पाऊस लिहायला त्यांच्याकडे इतर कवी होते. दुसरीकडे आमच्याच मोहल्ल्यातले वडीलधारे विचारायचे, की बाबा, तू उर्दू सोडून मराठीत का लिहितोस? आणि सभेत कुणीतरी कौतुकानं म्हणायचं, की वा, तुमचं मराठी किती शुद्ध! ज्या भाषेत माझ्या आईनं मला रागावलं, त्या भाषेचं प्रमाणपत्र मला वयाच्या चाळिशीतही मिळत होतं.

अशा वेळी राग येतो. तो यावा, असंच ते असतं. पण राग आला की पुढे काय होतं, तिकडे या स्तोत्रानं माझं लक्ष वेधलं. माणूस उत्तर द्यायला लागतो. प्रत्येक कवितेत उत्तर, प्रत्येक भाषणात उत्तर. मी किती इथला आहे याचे पुरावे तो गोळा करत बसतो. हळूहळू त्याची सगळी कविता म्हणजे कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होऊन बसते. प्रश्न विचारणारा केव्हाच घरी जाऊन झोपलेला असतो. हा मात्र जागाच. दुसऱ्याच्या नजरेत उंच होण्यासाठी धडपडणारा माणूस आणि दुसऱ्याच्या नजरेतून उतरू नये म्हणून धडपडणारा माणूस, दोघांचीही दोरी त्या दुसऱ्याच्याच हातात असते.

इथं स्तोत्राचं दुसरं कडवं येतं आणि ते या गाण्याचं काळीज आहे. त्यात हिब्रूतली दोन क्रियापदं शेजारी शेजारी आहेत. पहिलं 'शिव्विती'. त्याचा अर्थ मी सपाट केलं, समतल केलं. हेच क्रियापद यशयाच्या पुस्तकात शेतकऱ्याच्या संदर्भात आलं आहे. जमीन नांगरून झाल्यावर पेरणीआधी शेतकरी तिचा पृष्ठभाग सारखा करतो, त्यासाठी. आपल्याकडे नांगरट झाली, ढेकळं फुटली की फळी फिरवतात, तसंच. दुसरं क्रियापद 'दोमम्ती', म्हणजे मी शांत केलं, निःशब्द केलं. एलिया संदेष्ट्याच्या कथेत वादळ, भूकंप आणि आग होऊन गेल्यावर जी नीरव शांतता येते, तिच्यासाठी याच धातूचा शब्द वापरला आहे.

म्हणजे हा माणूस जन्मजात शांत नाही, हे लक्षात घ्या. सपाट करावं लागलं, याचा अर्थ आधी ढेकळं होती. गप्प करावं लागलं, याचा अर्थ आत गलका होता. आणि हे कुणी बाहेरून येऊन केलेलं नाही, त्यानं स्वतः केलं आहे. शेतकऱ्याला विचारा, फळी फिरवणं हे पडून राहण्याचं काम आहे का म्हणून. बैलांच्या मागे दिवसभर चालावं लागतं. मनाची शांती म्हणजे स्वस्थ बसणं, अशी आपली एक समजूत असते. या गाण्यातली शांती कष्टाची आहे.

आणि त्यानं सपाट काय केलं? त्यासाठी मूळ शब्द आहे 'नेफेश'. हा शब्द वाचला तेव्हा मी थबकलो. कारण अरबीतला 'नफ्स' हा त्याचा सख्खा भाऊ. हिब्रू आणि अरबी या एकाच कुळातल्या भाषा. नेफेश म्हणजे जीव, प्राण, आपलं आपलेपण. नफ्स म्हणजेही तेच. कुराणात नफ्सच्या तीन अवस्था आल्या आहेत. एक 'अम्मारा', माणसाला वाईटाकडे ढकलणारी, हुकूम सोडणारी. दुसरी 'लव्वामा', आपल्याच कृत्यांबद्दल आपल्याला टोचणारी. आणि तिसरी 'मुत्मइन्ना', निवांत झालेली, जिच्या आत समाधान आहे अशी. सूफी साधकांनी या तीन शब्दांवर आयुष्यं घालवली. आपले श्रीगोंद्याचे शेख महंमद घ्या. मुसलमान घरात जन्मलेल्या या संतानं मराठी ओवीत 'योगसंग्राम' लिहिला. ग्रंथाच्या नावातच संग्राम आहे आणि तो संग्राम आतल्या शत्रूंशी आहे. दाऊदची जबूर, कुराणातली मुत्मइन्ना आणि शेख महंमदांचा संग्राम, हे सगळं मला एकाच विहिरीचं पाणी वाटतं. पोहरे फक्त वेगवेगळे आहेत.

पण हे स्तोत्र तिथंच थांबत नाही. शांत झालेला जीव कसा असतो हे सांगायला ते एक उपमा घेते आणि जगातल्या कुठल्याही आईला ती कळेल. दूध सुटलेलं मूल आईला बिलगून असतं, तसा तो जीव आहे.

नीट ऐका, आईच्या अंगावर पिणारं मूल नाही. दूध सुटलेलं मूल. हिब्रूत त्याला 'गामूल' म्हणतात. पितं मूलही आईजवळ शांत असतं, पण ते पोट भरलेलं असेतोवरच. दोन तासांनी ते पुन्हा टाहो फोडतं. त्याला आई हवी असते आणि दूध हवं असतं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्याला ठाऊक नसतं. मग एक दिवस घरात ठरतं, की आता दूध तोडायचं. पूर्वीच्या बाया कडुलिंबाचा पाला वाटून लावायच्या, कुणी कोरफडीचा गर लावायचं. मूल तोंड लावायचं आणि कडू लागलं की रडून आकांत करायचं. दोन-चार रात्री साऱ्या घराला झोप नसायची. आईही उशीत तोंड खुपसून रडायची. त्या मुलाच्या दृष्टीनं पाहा. जगात जी एक गोष्ट गोड होती, तीच कडू झाली आणि ती करणारी खुद्द आई! त्याच्या छोट्या आयुष्यातला हा पहिला मोठा विश्वासघात.

आणि मग काही दिवसांनी ते मूल पुन्हा आईच्या मांडीवर येऊन बसतं. पदराशी झोंबत नाही. काही मागत नाही. नुसतं टेकून बसतं. त्याला कळलेलं असतं की दूध गेलं, पण आई गेलेली नाही. पूर्वी ते दुधासाठी आईकडे येत होतं. आता आईसाठी आईकडे येतं.

त्या काळात दूध तोडणं हा सोहळा असे. इसहाकाचं, म्हणजे आमच्या हजरत इसहाक यांचं, दूध तोडलं त्या दिवशी अब्राहामानं मोठी मेजवानी दिली, असं उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. मुलं तेव्हा दोन-तीन वर्षांची होईपर्यंत अंगावर पीत. कुराणानंही दूध पाजण्याचा पूर्ण काळ दोन वर्षांचा सांगितला आहे. म्हणजे हे मूल बोलू लागलेलं, चालू लागलेलं आहे. पळून जाऊ शकतं. तरी जवळ बसतं. आणि 'गामूल' हा शब्द ज्या धातूपासून आला, तोच धातू बायबलमध्ये फळ पिकण्यासाठीही वापरला आहे. हिरव्या कैरीला देठापासून तोडावं लागतं. चीक उडतो. पिकलेला आंबा नुसत्या स्पर्शानं हातात येतो. सुटणं आणि पिकणं यांना एकाच शब्दात बांधणारी ती भाषा मला फार शहाणी वाटते.

काही अभ्यासकांनी या कडव्याचा आणखी एक अर्थ सुचवला आहे. मूळ शब्दरचना अशी आहे, की बोलणारी व्यक्ती स्वतःच आई असावी असं वाटतं. आपल्या अंगावर हे मूल जसं विसावलं आहे, तसाच आपला जीव विसावला आहे, असं ती म्हणते आहे. मथळ्यात नाव दाविदाचं आहे, पण गाणं त्याच्या नावाखाली ठेवलं गेलं असेल आणि मूळची ओळ एखाद्या चालणाऱ्या बाईची असेल. मला हे चित्र सोडवत नाही. यरुशलेमची चढण, कडेवर पेंगुळलेलं मूल आणि घामानं निथळणारी आई. तिला देवाबद्दल काही सांगायचं आहे आणि उपमा शोधायला तिला लांब जावं लागत नाही.

आता एक शंका. ती मला स्वतःलाच अनेकदा आली आहे. मन उंच करू नका, नजर वर करू नका, आवाक्याबाहेरच्या गोष्टींच्या नादी लागू नका, हे आपल्या समाजात कुणाला सांगितलं गेलं? ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांना. बायकांना. गड्याला, कुळाला, मोलकरणीला. नजर खाली ठेव, हे तर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं. त्या माणसांनी मान वर केली, तो या देशातला स्वातंत्र्याचा फार मोठा क्षण होता. मग हे स्तोत्र त्या मानेवर पुन्हा हात ठेवतं का?

मला वाटतं, याचं उत्तर स्तोत्राच्या व्याकरणातच आहे. या गाण्यात नकार आहेत ते सगळे पहिल्या पुरुषात. माझं हृदय, माझे डोळे, माझे पाय. 'तू तुझी नजर खाली ठेव' असं त्यात कुठंही नाही. हे दुसऱ्याला देण्याचं औषध नाही, स्वतः घेण्याचं आहे. सावकारानं कुळाला हे स्तोत्र वाचून दाखवलं तर तो स्तोत्राचा गैरवापर झाला. शिवाय परंपरेनं ते ज्याच्या तोंडी घातलं, तो राजा आहे. ज्याच्यापाशी उंच आसन होतं, सैन्य होतं, ज्याच्यावर लोकांनी गाणी रचली, त्याच्या तोंडी ही कबुली आहे. आणि दूध सुटलेलं मूल म्हणजे लाचार मूल नव्हे. लाचारी तर मागण्यात असते. ज्याला तुमच्याकडून काहीच नको आहे, त्याला तुम्ही घाबरवणार तरी कसं?

याचा एक दाखला विसाव्या शतकातला देतो. सोव्हिएत रशियात नातान शरान्स्की नावाचे एक ज्यू कार्यकर्ते होते. त्यांना १९७७ साली अटक झाली आणि देशद्रोहाच्या आरोपाखाली मोठी शिक्षा झाली. पत्नीनं पाठवलेलं स्तोत्रसंहितेचं एक छोटंसं पुस्तक त्यांच्यापाशी होतं. वडील गेल्याची बातमी तुरुंगात कळल्यावर त्यांनी ते वाचायला घेतलं. हिब्रू फारसं येत नव्हतं, म्हणून एकेक शब्द उलगडत वाचलं. तुरुंगाधिकारी ते पुस्तक काढून घ्यायचे, हे ते परत मिळावं म्हणून संप करायचे आणि शिक्षाकोठडीत जायचे. १९८६ च्या फेब्रुवारीत त्यांना सोडायचं ठरलं. विमानतळावर नेलं. तिथं लक्षात आलं की पुस्तक दिलेलं नाही. सुटका चार पावलांवर असताना हा माणूस बर्फात आडवा पडला आणि पुस्तक मिळाल्याशिवाय उठणार नाही म्हणाला. पुस्तक मिळालं, मगच तो उठला. पुढे त्यांनी आठवणी लिहिल्या, तेव्हा त्या पुस्तकाचं नावही २३ व्या स्तोत्रावरून घेतलं. पुढच्या काळात इस्रायलच्या राजकारणात त्यांनी घेतलेल्या भूमिका मला पटतात असं नाही, तो वेगळा विषय आहे. पण बर्फात आडव्या पडलेल्या त्या कैद्याकडे पाहिलं की कळतं, आतून मोकळा झालेला माणूस मुकाट बसत नाही. त्याला ज्या गोष्टीची लालूच दाखवायची, तिचा लोभच उरलेला नसतो, अगदी सुटकेचासुद्धा. म्हणून तो अडून बसू शकतो.

आतलं स्वातंत्र्य मिळालं म्हणून बाहेरचा अन्याय चालवून घ्यावा, असं मला मुळीच म्हणायचं नाही. कुणी घर नाकारलं तर तक्रार करावी. कुणी हक्क नाकारला तर कोर्टात जावं. पण लढताना आत जर ढेकळंच असतील, तर लढाई संपते तेव्हा आपल्या हाती फक्त कडवटपणा उरतो. फळी फिरवलेल्या जमिनीत मात्र काहीतरी पेरता येतं.

राहिलं तिसरं कडवं. इथं बोलणाऱ्याचा आवाज एकदम बदलतो. इतका वेळ तो देवाशी एकटा बोलत होता. आता तो आपल्या सगळ्या लोकांकडे वळतो आणि त्यांना देवावर आस ठेवायला सांगतो, आजपासून कायमची. पुष्कळ अभ्यासकांच्या मते चढणीच्या गाण्यांचा हा संग्रह बाबेलच्या बंदिवासानंतर सिद्ध झाला. इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमारास यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, माणसं बाबेलला नेली गेली. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर त्यांच्यातले काही परत आले. जुनं वैभव राहिलेलं नव्हतं. म्हणजे त्या साऱ्या समाजाचंच दूध तुटलं होतं. राजा गेला, राज्य गेलं, मंदिर गेलं. त्यांना हे गाणं सांगतं आहे, की जे गेलं ते गेलं, पण ज्याच्या मांडीवर बसायचं तो गेलेला नाही.

आणि यातच मला या स्तोत्राचं मोठेपण दिसतं. मनाची मोकळीक ही डोंगरावर जाऊन एकट्यानं चाखायची चीज नाही. ज्याचं स्वतःचं रडणं थांबलं आहे, त्यालाच दुसऱ्याचं रडणं ऐकू येतं. घरात एक माणूस जरी असा निवांत असेल, तरी साऱ्या घराचा आवाज थोडा खाली येतो, हे आपण सर्वांनी पाहिलं आहे. बहुधा ती एखादी आजी असते. तिला कुणाकडून काही नको असतं, म्हणून सगळे तिच्याजवळ येऊन बसतात.

श्रोतेहो, हे स्तोत्र कसं वाचावं, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन. त्यासाठी धर्म बदलावा लागत नाही, की हिब्रू शिकावं लागत नाही. रात्री दिवा मालवण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. आज माझं मन कशामुळे फुगलं? आज माझी नजर कुणाच्या ताटावर गेली? आणि आज मी जिथं धावलो, तिथं जायचं खरंच कारण होतं का? उत्तरं कुणाला सांगायची नाहीत. स्वतःला झोडपायचंही नाही. फक्त आतली ढेकळं दिसली की त्यांच्यावरून एकदा फळी फिरवायची. उद्या पुन्हा ढेकळं असतीलच. मग उद्या पुन्हा फळी. शेतकरी तरी दुसरं काय करतो?

मी अजूनही कविता लिहितो. छापून आली तर आनंद होतो. भाषेचं प्रमाणपत्र देणारे अजून भेटतात, मी त्यांना चहा देतो. पावसावरच्या माझ्या कविता माझ्या वहीत आहेत. दर मृगाला त्यात एखादी भर पडते आणि ती कुणाला उत्तर म्हणून लिहिलेली नसते.